‘कळतंच’ म्हणजे नेमकं कसं कळतं?

चैत्रातली सकाळ. गच्चीवर तीन विटा मांडून चूल केलेली आणि तिच्यावर कुरडयांचा चीक रटरटत होता. मी लाकडी दांड्यानं घोटत होते, जाऊबाई सोऱ्याला तेलाचा हात फिरवत होत्या. ऊन डोक्यावर यायच्या आत सगळ्या कुरडया घालून व्हायला हव्या होत्या. नेमका तेव्हाच फोन वाजला. भाचीचा, न्यू जर्सीहून. आमची सकाळ म्हणजे तिची रात्र.

“मावशी, चीक शिजला हे कसं कळतं गं?”

“अगं, कळतंच!”

“कळतंच म्हणजे कसं? मी निबंधात लिहिलं की चीक शिजेपर्यंत ढवळायचा. तर आमच्या टीचरनी बाजूला लिहिलंय, शिजला हे मला कसं समजणार? मी तर आयुष्यात चीक पाहिलेला नाही.”

मी दांडा हातात धरून गप्पच झाले. वीस-बावीस वर्षं मी दर उन्हाळ्यात कुरडया करते. आईनं शिकवलं तेव्हा तीही म्हणाली होती, ‘बघ, कळतंच.’ सासूबाईही तेच म्हणाल्या. आणि आता सात समुद्रापलीकडची कुणी बाई विचारत होती, कसं? मग मी चुलीपाशी बसून नीट पाहिलं. पांढरा दुधासारखा चीक हळूहळू काचेसारखा व्हायला लागतो. त्याला चकाकी येते. दांडा जड होतो. वर फुटणारे बुडबुडे मोठे होतात आणि ‘फद्’ असा आवाज करतात. ओलं बोट लावून पाहिलं तर चीक बोटाला चिकटत नाही. एवढं सगळं मी तिला सांगितलं. पलीकडून ती भराभरा लिहून घेत होती. जाऊबाई हसत म्हणाल्या, “हे एवढं सगळं आपल्याला माहीत होतं होय?”

मैत्रिणींनो, माहीत होतं. सांगता येत नव्हतं. आज मला याच विषयावर तुमच्याशी बोलायचंय.

भाचीची गोष्ट आधी सांगते. तिची बारावी पुण्यात झाली, मार्क उत्तम. वडिलांची बदली झाली म्हणून सगळं कुटुंब अमेरिकेला गेलं आणि तिनं घराजवळच्या कॉलेजात प्रवेश घेतला. शिकायचंय कॉम्प्युटर, पण पहिल्याच सत्रात एक विषय सक्तीचा, इंग्लिश कॉम्पोझिशन. तिकडच्या बहुतेक कॉलेजांत हे असतंच. मुलगा डॉक्टर होणार असो नाहीतर हिशेबनीस, पहिल्या वर्षी त्याला लिहायला शिकावंच लागतं. आपल्या ‘कंपल्सरी इंग्लिश’सारखं धडे, कविता आणि खाली प्रश्नोत्तरं असं हे नाही. वर्गात वीस-पंचवीस मुलं. सत्रात चार-पाच निबंध. प्रत्येक निबंधाचा आधी कच्चा खर्डा करायचा, तो शेजारच्या मुलानं वाचायचा, मग टीचरनी वाचून प्रश्न विचारायचे, मग पुन्हा लिहायचा. पक्का निबंध त्यानंतर.

त्यातला मोठा भाग असतो ‘एक्स्पोझिटरी’ लेखनाचा. आपण त्याला विवेचन म्हणू. उलगडून सांगणं, हा त्याचा साधा अर्थ. एखादी गोष्ट कशी करतात, का घडते, दोन गोष्टींत साम्य काय नि फरक काय, अमुक शब्दाचा अर्थ काय, हे ज्याला अजिबात ठाऊक नाही त्याला समजेल असं मांडायचं. त्यात गोष्ट सांगायची नसते, कल्पनेच्या भराऱ्या मारायच्या नसतात आणि भांडायचंही नसतं.

भाचीला वाटलं, हे काय अवघड! शाळेत निबंधात ती नेहमी पहिली. पहिला निबंध तिनं भारतीय संस्कृतीवर लिहिला. विविधतेत एकता, अतिथी देवो भव, सणांचा देश... सगळी आपली पाठ असलेली वाक्यं, सुरेख इंग्रजीत. टीचरनी एकही शुद्धलेखनाची चूक दाखवली नाही, दाखवायला चूक नव्हतीच. फक्त बाजूला प्रश्न लिहिले. कोणता सण? तुझ्या घरी काय करता? तुला हे कुणी सांगितलं? हे वाचून मला नवीन काय कळलं? पोर त्या रात्री रडली.

दुसऱ्या निबंधाला तर वेगळंच संकट आलं. विषय थोडा किचकट होता, म्हणून तिनं इंटरनेटवरून चार-पाच वाक्यं जशीच्या तशी उचलली. चोरी करतेय असं तिच्या मनातही नव्हतं. आपल्याकडे चांगली वाक्यं पाठ करून उतरवणं म्हणजे अभ्यास! तिकडे मात्र दुसऱ्याचं वाक्य त्याचं नाव न सांगता घेणं हा गुन्हाच धरतात. शून्य मार्क मिळतात, प्रकरण वर जाऊ शकतं. टीचरनी तिला बोलावून घेतलं. माझ्या बहिणीचा मला रात्री दोनला फोन! “अगं, पोरीला चोर म्हणतायत!” नशीब, बाई समजूतदार निघाल्या. त्यांनी विचारलं, “तुला शाळेत काय शिकवलं होतं?” भाचीनं खरं ते सांगितलं. बाई म्हणाल्या, “ठीक आहे, आता पुन्हा लिही. यावेळी अशी गोष्ट निवड जी तुला चांगली ठाऊक आहे आणि मला अजिबात ठाऊक नाही.” म्हणून कुरडया.

बहिणीला राग आला होता तो त्या कॉलेजचा. मला मात्र राग आला आपलाच. कारण भाचीनं जे केलं ते मीही केलंय, आणि मला कुणी पकडलंही नाही.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असतानाची गोष्ट. इंग्रजीची धास्ती इतकी की आम्ही मुली गाइडमधला एकच निबंध पाठ करायचो, आवडता नेता. मी गांधीजींचा केला होता. पेपरात नेमके आले लोकमान्य टिळक. मी काय करावं? नाव बदललं आणि बाकी सगळं तसंच उतरवलं! घाईत माझे टिळक पोरबंदरला जन्मले आणि बॅरिस्टर व्हायला इंग्लंडलाही गेले. घरी आल्यावर लक्षात आलं तेव्हा पोटात गोळा आला. निकालाच्या दिवशी पाहते तर इंग्रजीत मार्क चांगले! तपासणाऱ्यानं निबंध वाचलाच नसावा. ओळी मोजल्या असाव्यात, अक्षर पाहिलं असावं.

आजवर मी हा किस्सा हसत सांगत आले. भाचीच्या प्रकरणानंतर मात्र हसू येईना. माझ्या आयुष्यात मी लिहिलेला तो पहिला इंग्रजी निबंध. त्यात माझं एकही वाक्य नव्हतं. कुणीतरी वाचेल, आणि त्याला काही समजायला हवं, असा विचारही माझ्या मनात आला नव्हता. मी लिहीत होते ते मार्कांसाठी, माणसासाठी नव्हे.

मग हा विषय तिकडे आला कुठून, हे मी मुद्दाम वाचून काढलं. अ‍ॅलेक्झांडर बेन नावाचे स्कॉटलंडमधले प्राध्यापक होते, अ‍ॅबर्डीनच्या एका विणकराचा मुलगा. त्यांनी १८६६ साली इंग्रजी लेखनावर एक पाठ्यपुस्तक काढलं. वर्णन, कथन, विवेचन, मन वळवणं असे लेखनाचे प्रकार त्यांनी पाडले आणि परिच्छेद कसा बांधावा याचे नियम दिले. एका परिच्छेदात एकच विषय, आणि वाचणाऱ्याला तो सुरुवातीलाच कळला पाहिजे. विणकराचा मुलगाच तो! धाग्याला धागा कसा लागतो हे त्यांना घरातच दिसलं असेल, असं आपलं मला वाटतं.

अमेरिकेतल्या हार्वर्डनं १८७४ साली प्रवेश परीक्षेत इंग्रजी लेखन सक्तीचं केलं. चांगल्या घरातली, चांगल्या शाळांतली मुलं, पण त्यांना आपल्याच मातृभाषेत धड लिहिता येईना. मग १८८५ पासून पहिल्या वर्षाला लेखनाचा सक्तीचा वर्ग सुरू झाला आणि हळूहळू देशभरच्या कॉलेजांनी तो उचलला. आता गंमत पाहा. त्याच १८७४ साली इकडे पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. म्हणजे विषय मांडून, उलगडून सांगण्याची ओढ आपल्यालाही तेव्हापासूनच होती. आपल्याकडे मात्र निबंध मोठ्या लेखकांचा झाला आणि शाळेत उरलं ते ‘फाटक्या नोटेचं आत्मवृत्त’ नि ‘मी पंतप्रधान झालो तर’. नोटेचं मनोगत सांगणाऱ्या मुलीला स्वतःच्या घरातलं दुखणं डॉक्टरला चार वाक्यांत लिहून देता येत नाही, याचं कुणाला काही वाटलं नाही.

तिकडे सगळं छान आहे, असं मात्र समजू नका. मुलांना लिहिता येत नाही ही तक्रार तिथेही सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. हे वर्ग बहुतेक ठिकाणी कमी पगारावरच्या, कंत्राटी शिक्षकांवर ढकललेले असतात. पाच परिच्छेदांचा ठरीव साचाही आहे. आधी प्रस्तावना, मग तीन मुद्दे आणि शेवटी समारोप. साचा पक्का झाला की मुलं तिकडेही विचार करायचं सोडून चौकटी भरतात. फरक इतकाच की तिथे पहिल्या वर्षाच्या मुलीनं लिहिलेलं कुणीतरी वाचतं आणि ‘म्हणजे काय?’ असं विचारतं.

या विषयात एक बाई मला फार आवडल्या. त्यांचं नाव मिना शॉनेसी. साऊथ डकोटातल्या एका खाणींच्या गावात त्यांचा जन्म झाला. पुढे त्या न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकवत होत्या. १९७० साली न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठानं आपले दरवाजे सगळ्यांना उघडले. शहरातल्या शाळेतून पास झालेल्या कुणालाही प्रवेश मिळू लागला. गरीब वस्त्यांतली, घरात इंग्रजी न बोलणारी, पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी मुलं आली. त्यांचे निबंध पाहून प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला. पानभर चुकाच चुका. ‘ही मुलं शिकण्याच्या लायकीची नाहीत’ असं पुष्कळांचं मत झालं.

शॉनेसीबाईंनी काय केलं? त्यांनी त्या मुलांचे सुमारे चार हजार निबंध वाचले. एकेक चूक उचलून पाहिली. आणि त्यांच्या लक्षात आलं की चुकांनाही एक तर्क असतो. ही मुलं मठ्ठ नाहीत, ती फक्त नवशिकी आहेत आणि कुठलाही नवशिका चुकतच शिकतो. यावर त्यांनी १९७७ साली ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हे पुस्तक लिहिलं. पुढच्याच वर्षी कर्करोगानं त्या गेल्या. पण त्यांच्यामुळे पुष्कळ शिक्षकांनी लाल पेन खाली ठेवून आधी निबंध वाचायला घेतला.

हे वाचताना मला आपल्या मुली आठवल्या. आश्रमशाळेतून, जिल्हा परिषदेच्या शाळेतून येऊन तालुक्याच्या कॉलेजात मागच्या बाकावर बसणाऱ्या. प्राध्यापकांनी नाव पुकारलं की मान खाली घालणाऱ्या. “मॅडम, मला इंग्लिश येत नाही” हे वाक्य मात्र त्या न अडखळता म्हणतात, कारण ते त्यांनी शंभरदा म्हटलेलं असतं. त्यांनाही कुणी मठ्ठच ठरवलेलं असतं. तीच मुलगी शेतात सोयाबीनवर पडलेली कीड बघून बापाला सांगते, कुठली फवारणी कधी करायची आणि का. हेच तर विवेचन! पण ते कागदावर कसं उतरवायचं हे तिला कुणी दाखवलेलं नाही. कागद म्हटला की तिला वाटतं, आता मोठमोठे शब्द हवेत.

आणि आपल्याकडे दाखले नाहीत असंही नाही. १८५५ साली, म्हणजे हार्वर्डच्या त्या परीक्षेच्याही एकोणीस वर्षं आधी, पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीनं आपल्या मांग-महार समाजाच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ मध्ये छापून आला. त्या पोरीनं नुसतं ‘आमच्यावर अन्याय होतो’ असं लिहून थांबवलं नाही. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसतं, थंडी-पावसात त्यांचं काय होत असेल, हे तिनं सांगितलं. नेमका तपशील दिला. म्हणून तो निबंध आजही वाचताना घशात आवंढा येतो. पुढे १८८२ साली आमच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. सुरतच्या एका विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांतून समस्त बायकांवर तोंडसुख घेणं चाललं होतं. ताराबाईंनी काय केलं? बायकांच्या नावावर घातलेले दुर्गुण एकेक करून घेतले आणि विचारलं, हा पुरुषात नाही का? तुलना कशी करायची याचा याहून चांगला धडा कुठल्या कॉम्पोझिशनच्या पुस्तकात असेल असं मला वाटत नाही. दोघींकडे कॉलेजची पदवी नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला काय करायचंय निबंध घेऊन? आमची लग्नं झाली, पोरं झाली. तर माझ्या बचत गटातल्या एका ताईची हकीकत ऐका.

तिचा नवरा गेला. दोन एकर कोरडवाहू जमीन. सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचं आणि पोरांचं नाव लागायला हवं होतं. तिनं कुणाकडून तरी अर्ज लिहून घेतला. दोन पानं भरून. आभाळ कोसळलं, नशिबानं थट्टा केली, दिरांनी वाऱ्यावर सोडलं आणि शेवटी ‘तरी मायबाप सरकारनं न्याय द्यावा’. सगळं खरं होतं. पण त्यात नवरा गेल्याची तारीख नव्हती. जमिनीचा गट नंबर नव्हता. वारस कोण कोण, त्यांची वयं काय, ते नव्हतं. मृत्यूचा दाखला जोडलेला नव्हता. आणि मुख्य म्हणजे आपल्याला हवंय काय, तेच नव्हतं! कार्यालयातून तीन वेळा तिला ‘नंतर या’ म्हणून परत पाठवलं. काय कमी आहे ते कुणी नीट सांगितलंही नाही. दर खेपेला एका दिवसाची मजुरी बुडायची.

मी तिला घरी बोलावलं. भाचीच्या टीचरनी विचारले तसे प्रश्न मी तिला विचारायला लागले. काय झालं? कधी? कुठली जमीन? घरात कोण कोण? तुला काय हवंय? पहिल्या दोन प्रश्नांना ती रडली. मी थांबले, चहा केला. पाचव्या प्रश्नाला ती ताठ बसून म्हणाली, “माझं आन् माझ्या लेकरायचं नाव लागलं पाह्यजे.” मी म्हटलं, “बस्स, हेच पहिलं वाक्य!” अर्ज एका पानात झाला. पहिल्या परिच्छेदात मागणी, दुसऱ्यात घटना आणि तारखा, तिसऱ्यात वारसांची नावं, खाली जोडलेल्या कागदांची यादी. आणि पोच घ्यायला तिला बजावलं.

अर्ज नीट लिहिला म्हणून सगळं सुरळीत झालं, असं मी म्हणणार नाही. त्यानंतरही तिला दोन हेलपाटे पडलेच. पण यावेळी ‘यात काय लिहिलंय ते कळत नाही’ असं म्हणायची सोय कुणाला उरली नव्हती. शेवटी फेरफार झाला आणि नाव लागलं. सातबाऱ्याचा उतारा घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा तिनं एक गोष्ट सांगितली. साहेबांनी विचारलं, अर्ज कुणी लिहिला? ती म्हणाली, “म्याच सांगतला, ताईनं लिवला.” मला ते वाक्य फार आवडलं. अक्षर माझं होतं, पण विवेचन तिचंच होतं.

म्हणून माझं म्हणणं आहे की पहिल्या वर्षाच्या मुलींना हे शिकवायलाच हवं. तास इंग्रजीचा असो की मराठीचा. आमच्या ओळखीच्या एक प्राध्यापिका आहेत, त्यांच्याशी मी यावर वाद घातला. त्या म्हणाल्या, “ताई, बोलायला सोपं आहे. माझ्या वर्गात शंभरावर मुलं आहेत. अभ्यासक्रम संपवायचा, परीक्षा घ्यायच्या, वर कागदपत्रं. निबंध तपासू कधी?” त्यांचं खोटं नाही. वीस मुलांचा वर्ग आपल्या नशिबी नाही. पण मी त्यांना म्हटलं, निबंध नको, आठवड्याला एकच परिच्छेद लिहून घ्या. आणि तो तुम्ही नका तपासू. शेजारच्या मुलीला वाचायला द्या. तिनं फक्त एकच काम करायचं, जिथे समजलं नाही तिथे ‘म्हणजे?’ असं लिहायचं. व्याकरण नंतर बघू. प्राध्यापिकाबाई जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, “करून बघते, पण परीक्षेत याला मार्क कुठे आहेत?” खरं दुखणं हेच आहे. प्रश्नपत्रिकेत गाइडमधलं चालतं तोवर मुलगी गाइडच पाठ करणार. तिला दोष देऊन काय उपयोग? निबंधाचा विषयच असा द्यायला हवा, की ज्याचं उत्तर गाइडात सापडूच नये. ‘तुमच्या गावात पाणी कसं येतं ते समजावून सांगा.’ घाला बरं हे पाठ करून!

दुसरा मुद्दा असतो मातृभाषेचा. “आधी मराठी तरी धड येऊ द्या, मग इंग्रजी!” मलाही हे पटतं, पण अर्धंच. उलगडून सांगायची सवय मराठीतच लागावी. ती लागली की इंग्रजीत शब्द कमी पडले तरी मुलगी अडत नाही, कारण काय सांगायचंय ते तिला ठाऊक असतं. पण त्या नावाखाली मुलींना इंग्रजीपासून लांब ठेवणं मला मान्य नाही. नोकरीचा अर्ज, बँकेचे कागद, कोर्टाचे कागद त्याच भाषेत समोर येतात. निदान साधं, सरळ, स्वतःचं इंग्रजी वाक्य तिला लिहिता यायला हवं. चुकलं तर चुकू दे.

आणि तिसरा मुद्दा हल्ली प्रत्येक घरात निघतो. माझाच मुलगा म्हणाला, “आई, आता कशाला शिकायचं लिहायला? मोबाइलला सांगितलं की पाच सेकंदांत निबंध तयार!” २०२२च्या शेवटी चॅटजीपीटी आलं आणि तिकडच्या टीचर लोकांची झोप उडाली, आपल्याकडेही कॉलेजची पोरं सर्रास वापरतात. मी त्याला म्हटलं, मग त्या मोबाइलला विचार, आपल्या गटातल्या ताईचा गट नंबर काय? तिला काय हवंय? ते तुलाच सांगावं लागणार. सांगता यायला हवं असेल तर आधी तुझ्या डोक्यात ते नीट लागलेलं हवं. सगळा तपशील आपण दिल्यावर मोबाइलनं शुद्धलेखन सुधारलं तर माझी हरकत नाही, मीही करून घेते. पण विचार करायचं कामच त्याच्यावर टाकलं, तर माझ्या त्या पोरबंदरच्या टिळकांत आणि आजच्या निबंधात फरक काय राहिला? तेव्हा गाइड होतं, आता मोबाइल आहे. मुलगी दोन्हीकडे गप्पच.

लिहिताना आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे कळतं. बोलताना आपण ‘कळतंच’ म्हणून सुटतो, लिहिताना सुटता येत नाही. ज्या बाईला आपलं म्हणणं क्रमानं मांडता येतं तिला घरात, पंचायतीत, कचेरीत कुणी सहज गप्प करू शकत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ग्रामसभेत ‘तुम्हाला काय समजतं’ म्हणणाऱ्यांना तारीखवार लिहिलेला एक कागद पुरतो.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एक करून बघा. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला शेजारी बसवा. तुम्हाला उत्तम येणारी एखादी गोष्ट निवडा. पापडाचं पीठ कसं मळायचं, तापलेल्या बाळाला रात्री कसं सांभाळायचं, गटाचं कर्ज कसं फेडायचं, काहीही. ती जिला अजिबात येत नाही अशा बाईसाठी दहा ओळी लिहा. मग मुलीला मोठ्यानं वाचून दाखवा. ती जिथे ‘म्हणजे?’ म्हणेल तिथे एक वाक्य वाढवा. मग पाळी बदला. तिनं तिच्या अभ्यासातलं काहीतरी तुमच्यासाठी लिहायचं आणि ‘म्हणजे?’ तुम्ही म्हणायचं. तिनं ते मग इंग्रजीत लिहिलं तर आणखी छान.

भाचीच्या कुरडयांचं काय झालं, ते राहिलंच. तिसऱ्यांदा लिहिल्यावर निबंध पसंत पडला. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, रात्रभर तो खाली बसू द्यायचा, वरचं पाणी अलगद ओतायचं, सगळं ओळीनं आलं होतं. बाईंनी शेवटी लिहिलं, आता मला करता येईल असं वाटतं, पण एक शंका आहे. पाणी रोज का बदलायचं?

भाचीनं लगेच फोन लावला. मी म्हणणार होते, ‘बदलायचंच असतं’. जीभ चावली. आणि म्हटलं, “थांब, मी नीट विचार करून सांगते.”